ना ट्रान्सफॉर्मर, ना चार्जर : २३० व्होल्टवर थेट चालणारी छोटी सर्किट्स कशी काम करतात आणि धोका नेमका कुठे असतो?

घरातली डास मारायची बॅट कधी उघडून पाहिली आहे का? तिच्या मुठीतून दोन पिना बाहेर सरकतात आणि त्या थेट सॉकेटमध्ये जातात. आत बॅटरी चार्ज होते ती जेमतेम काही व्होल्टवर. मग २३० व्होल्टचे हे काही व्होल्ट कोण करतं? ट्रान्सफॉर्मर शोधायला गेलात तर सापडणार नाही. दिसेल तो पिवळा किंवा तपकिरी, चौकोनी, चॉकलेटएवढा एक तुकडा, दोन-चार डायोड आणि एखाद-दुसरा रेझिस्टर. बस्स.

हीच युक्ती नाइट लॅम्पमध्ये, स्वस्त एलईडी बल्बमध्ये, टच स्विचमध्ये आणि अनेक इलेक्ट्रॉनिक वीजमीटरमध्येही वापरली जाते. आर्डुइनो किंवा तत्सम मायक्रोकंट्रोलरवर छोटे प्रकल्प करणाऱ्यांना मग साहजिकच प्रश्न पडतो. बल्ब चालतो, तर माझं सर्किट का नाही? चार्जरचा खर्च आणि जागा, दोन्ही वाचतील!

उत्तर असं आहे की सर्किट चालतं. पण त्याची एक किंमत असते आणि ती अनेकांना उशिरा कळते. ती काय, हे समजून घेऊया.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. मात्र २३० हा आकडा एक प्रकारची सरासरी आहे. प्रत्यक्षात व्होल्टेज शून्यापासून साधारण ३२५ व्होल्टपर्यंत चढतं, परत शून्यावर येतं, मग उलट्या दिशेने तितकंच खाली जातं. हे चक्र सेकंदाला ५० वेळा होतं.

दुसरीकडे, आर्डुइनो उनोवरची एटीमेगा ३२८पी ही चिप जास्तीत जास्त साडेपाच व्होल्टवर चालते. ईएसपी ३२ सारख्या वायफायवाल्या चिपला ३.३ व्होल्ट लागतात. म्हणजे सुमारे साठ-सत्तर पटीने व्होल्टेज खाली आणायचं आणि एसीचं डीसी करायचं, अशी ही दुहेरी कामगिरी आहे.

पहिला विचार : मध्ये रेझिस्टर टाकला तर?

शाळेतला ओहमचा नियम आठवा. समजा सर्किटला ५ व्होल्टवर २० मिलीॲम्पिअर करंट हवा आहे. उरलेले २२५ व्होल्ट रेझिस्टरवर पडले पाहिजेत. २२५ भागिले ०.०२, म्हणजे सुमारे ११ हजार ओहमचा रेझिस्टर.

गणित सुटलं, पण उष्णतेचं काय? २२५ गुणिले ०.०२ म्हणजे साडेचार वॅट. आपलं सर्किट खातंय फक्त ०.१ वॅट आणि रेझिस्टर साडेचार वॅटची शेगडी झालाय. बंद प्लॅस्टिकच्या डबीत ही शेगडी दिवसरात्र पेटती ठेवणं कुणालाच परवडणार नाही. दोन-तीन मिलीॲम्पिअरपुरतं हे ठीक आहे, त्यापुढे नाही.

दुसरा विचार : कपॅसिटर

इथे तो चौकोनी तुकडा कामाला येतो. कपॅसिटर म्हणजे एकमेकींना न टेकणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या. त्यातून डीसी जात नाही. पण एसीमध्ये व्होल्टेज सतत उलटंसुलटं होतं, त्यामुळे कपॅसिटर एका बाजूने भरतो, रिकामा होतो, दुसऱ्या बाजूने भरतो. या ये-जा करणाऱ्या विद्युतभारालाच बाकीचं सर्किट करंट म्हणून वापरतं.

विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. एक गाडगं एका फेरीत किती पाणी वर आणेल हे गाडग्याच्या आकारावर ठरतं. मिनिटाला किती पाणी मिळेल हे गाडग्याचा आकार आणि फेऱ्यांची संख्या, दोन्हींवर. फेऱ्या वीज कंपनीने ठरवून दिल्या आहेत. आपल्या हातात आहे ते फक्त गाडगं.

आता आकडे घालू. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला. व्होल्टेज उणे ३२५ पासून अधिक ३२५ पर्यंत जातं, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चक्रात ६५० व्होल्टचा फरक. ०.४७ गुणिले ६५० म्हणजे सुमारे ३०५ मायक्रोकुलोम विद्युतभार. सेकंदाला अशी १०० अर्धी चक्रं. एकूण झाले सुमारे ३० मिलीॲम्पिअर. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा घेतला तर साधारण ६५ मिलीॲम्पिअर मिळतील.

आणि उष्णता? जवळजवळ नाहीच. कारण कपॅसिटर ऊर्जा जाळत नाही. चक्राच्या एका भागात घेतो आणि दुसऱ्या भागात परत करतो. या रचनेला कपॅसिटिव्ह ड्रॉपर म्हणतात. मायक्रोकंट्रोलर बनवणाऱ्या मायक्रोचिप कंपनीने २००४ साली एएन ९५४ या क्रमांकाची एक तांत्रिक टिपणी खास याच विषयावर काढली होती. म्हणजे ही कुणा जुगाडू माणसाची शक्कल नव्हे, रीतसर अभियांत्रिकी आहे.

सर्किटमध्ये आणखी काय काय असतं?

नुसता कपॅसिटर पुरत नाही. त्याच्या सोबतीला पुढची मंडळी लागतात, आणि प्रत्येकाचं तिथे असण्याला कारण आहे.

* फ्यूज : आत काही शॉर्ट झालं तर आगीआधी हा जळावा म्हणून.
* सिरीजमधला रेझिस्टर, साधारण १०० ओहम : प्लग लावला तो क्षण नेमका ३२५ व्होल्टचा निघाला, तर रिकामा कपॅसिटर क्षणभर शॉर्टसर्किटसारखा वागतो. हा रेझिस्टर त्या धक्क्याला सव्वातीन ॲम्पिअरपर्यंत रोखतो.
* एक्स-२ दर्जाचा कपॅसिटर : हा मेन्सवर लावण्यासाठीच बनवलेला असतो. आतल्या थराला कुठे छिद्र पडलं तर तेवढा भाग जळून तो स्वतःला सावरतो. साधा ४०० व्होल्टचा कपॅसिटर दिसायला तसाच आणि स्वस्त असला तरी तो इथे लावायचा नसतो. तो शॉर्ट झाला की थेट मेन्स पुढच्या सर्किटवर येते.
* कपॅसिटरला समांतर मोठा रेझिस्टर, ४७० किलो-ओहम ते १ मेगा-ओहम : प्लग काढल्यावर कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत भार शिल्लक राहू शकतो. पिनांना हात लागला की झटका! हा रेझिस्टर तो भार एक-दोन सेकंदांत उतरवतो. नेहमीच्या पाव वॅटच्या रेझिस्टरची व्होल्टेज-मर्यादा बहुधा २५० व्होल्ट असते, म्हणून जाणकार इथे एकाऐवजी दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावतात.
* ब्रिज रेक्टिफायर : चार डायोडचा हा गट एसीचं डीसी करतो.
* झेनर डायोड, ५.१ व्होल्टचा : व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर धरून ठेवतो.
* साठवणीचा कपॅसिटर, उदाहरणार्थ ४७० मायक्रोफॅरड : डीसीमधले चढउतार सपाट करतो.
* एमओव्ही : वीज कडाडली किंवा शेजारची मोठी मोटर बंद झाली की लाइनवर जो उसळता व्होल्टेज येतो, तो झेलायला.

यातला झेनर विशेष लक्षात ठेवा. कपॅसिटर ठरलेला करंट देतच राहतो. सर्किटने कमी घेतला तर उरलेला सगळा झेनरला गिळावा लागतो. आणि झेनरचा सांधा निखळला, तर आउटपुट पाच व्होल्टवर थांबत नाही, शेकडो व्होल्टच्या दिशेने चढतं. मग मायक्रोकंट्रोलर त्याच क्षणी गेला म्हणून समजा.

रिले लावायचा तर?

इथे अनेकांचं गणित चुकतं. बाजारात मिळणाऱ्या छोट्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलीॲम्पिअर घेते. आपल्याकडे आहेत ३०. रिले ओढतच नाही, किंवा ओढताना व्होल्टेज बसतं आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होत राहतो.

त्याच जातीचा २४ व्होल्टचा रिले मात्र फक्त १५ मिलीॲम्पिअर घेतो. कपॅसिटर करंट ठरवतो, व्होल्टेज नाही. तोच ३० मिलीॲम्पिअर ५ व्होल्टला दिला तर ०.१५ वॅट मिळतात, २४ व्होल्टला दिला तर ०.७२ वॅट. म्हणून अशा उत्पादनांत आधी २४ व्होल्ट करून त्यावर रिले चालवतात आणि मग पुढे मायक्रोकंट्रोलरसाठी ५ व्होल्ट काढतात.

वायफायवाल्या चिपचं तर सोडाच. ईएसपी ३२ साठी किमान ५०० मिलीॲम्पिअर देऊ शकणारा सप्लाय घ्यावा असं तिचे निर्मातेच सांगतात. तेवढ्यासाठी कपॅसिटर इतका मोठा आणि महाग होईल की वाचवायला निघालेली जागा आणि पैसे दोन्ही जातील.

आता मुख्य मुद्दा : सर्किट मेन्सपासून वेगळं नसतं

मोबाइलच्या चार्जरमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना तारेने जोडलेल्या नसतात, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. म्हणून चार्जरचे ५ व्होल्ट हाताला लागले तरी काही होत नाही. यालाच आयसोलेशन म्हणतात.

कपॅसिटिव्ह ड्रॉपरमध्ये हे आयसोलेशन नसतं. मल्टिमीटर ५ व्होल्ट दाखवतो, पण ते सर्किटच्या दोन टोकांमधले ५ व्होल्ट आहेत. ते अख्खं सर्किट जमिनीच्या तुलनेत कुठे आहे, हे मीटर सांगत नाही. विसाव्या मजल्यावरच्या खोलीत जमीन आणि स्टूल यांच्यात दीड फुटाचंच अंतर असतं, म्हणून खिडकीतून उडी मारता येत नाही!

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा : कपॅसिटर करंट ३० मिलीॲम्पिअरवर रोखतो, मग शॉक कितीसा लागणार? हा गैरसमज जीवघेणा आहे. तीन परिस्थिती पाहू.

पहिली : कपॅसिटर फेजच्या तारेत आहे आणि सर्किटचं दुसरं टोक न्यूट्रलला. इथे सर्किट न्यूट्रलच्या आसपास राहतं. हात लागला तरी बहुधा काही जाणवत नाही. माणूस इथेच गाफील होतो.

दुसरी : न्यूट्रल कुठेतरी तुटली, किंवा स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेला आहे आणि तो बंद आहे. आता कपॅसिटरमार्गे सुमारे ३० मिलीॲम्पिअर करंट तुमच्या अंगातून जमिनीकडे जाऊ शकतो. साधारण १० मिलीॲम्पिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते.

तिसरी : दोन पिनांचा प्लग उलटा लागला. आता फेज सर्किटच्या त्या टोकाला थेट आली जिथे कपॅसिटर नाहीच. अंगातून जाणाऱ्या करंटला रोखायला फक्त तुमचं शरीर. शरीराचा रोध १ हजार ओहम धरला तर करंट होतो २३० मिलीॲम्पिअर. हा हृदय थांबवायला पुरेसा आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या परिस्थितीत फरक काय? फक्त प्लग कसा घातला एवढाच. तीन पिनांच्या भारतीय सॉकेटमध्ये समोरून पाहताना फेज उजवीकडे असायला हवी, पण जुन्या घरांत आणि एक्स्टेंशन बोर्डांत ती उलट निघणं नवलाचं नाही.

घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी असेल तर करंट अंगातून जमिनीत जाताना तो ट्रिप होऊन जीव वाचवू शकतो. पण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला असेल, तर आरसीसीबीला तुम्ही आणि बल्ब सारखेच!

लॅपटॉप जोडला की खेळ खलास

प्रोग्रॅम करताना होणारी घटना अशी. सर्किट मेन्सवर चालू आहे, कोडमध्ये छोटा बदल करायचा आहे, म्हणून यूएसबी केबल लावली. यूएसबीची ग्राउंड लॅपटॉपच्या तीन पिनी ॲडॅप्टरमार्गे अर्थिंगला जोडलेली असू शकते. इकडे सर्किटच्या ग्राउंडवर फेज. म्हणजे फेज आणि अर्थिंग यांचा यूएसबीच्या बारीक तारेतून सरळ शॉर्ट. बोर्ड, केबल, लॅपटॉपचा पोर्ट, काहीही जाऊ शकतं. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर धमाका होणार नाही, पण त्याच्या धातूच्या बॉडीवर फेज येईल आणि हात तुमचाच असेल.

म्हणून अशा बोर्डाचा प्रोग्रॅमिंगचा नियम एकच. प्लग भिंतीतून पूर्ण बाहेर, मगच केबल आत. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

तीच गोष्ट सेन्सरची. तापमानाचा सेन्सर वायरने बाहेर काढला, पाण्याच्या टाकीत लेव्हलच्या पट्ट्या सोडल्या, बाहेर धातूचं बटण बसवलं, तर त्या प्रत्येक गोष्टीवर मेन्स आहे असंच धरायचं. टाकीत तर कधीच नाही.

इन्व्हर्टरवर काय होतं?

लोडशेडिंगने आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आणले. त्यातले स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात. म्हणजे व्होल्टेज हळूहळू न चढता एकदम उणे २३० वरून अधिक २३० वर उडी मारतं. कपॅसिटरला ही उडी म्हणजे सेकंदाला शंभर धक्के.

प्रत्येक धक्क्याला सिरीजमधल्या रेझिस्टरमध्ये सुमारे ०.०५ ज्यूल ऊर्जा जळते. शंभर धक्क्यांचे झाले ५ वॅट. एरवी त्याच रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.१२ वॅट जळतात. एक वॅटचा रेझिस्टर पाच वॅट किती वेळ सोसणार? वीज होती तोवर नीट चालणारं यंत्र इन्व्हर्टरवर गेल्यावर जळकट वास सोडू लागलं, तर कारण बऱ्याचदा हे असतं.

मग कंपन्या हे वापरतात कसं?

कारण त्यांच्या उत्पादनात हात पोहोचेल अशी एकही धातूची जागा सर्किटला जोडलेली नसते. बल्बचं सर्किट प्लॅस्टिकच्या आवरणात बंद असतं, वीजमीटर सीलबंद असतो. सुरक्षितता सर्किटमध्ये नसून डबीत असते. डबी फुटली की सुरक्षितता संपली. डास मारायची बॅट चार्जिंगला लावलेली असताना वापरू नये, ही सूचना याच कारणाने असते. तिच्या जाळीचा त्या वेळी मेन्सशी संबंध असू शकतो.

शिवाय कपॅसिटरही म्हातारा होतो. स्वतःला सावरताना दर वेळी त्याचा थोडा थोडा भाग जळतो आणि क्षमता घटत जाते. काही वर्षांनी नाइट लॅम्प मंद होतो किंवा टायमर विनाकारण रीसेट होऊ लागतो, त्यामागे अनेकदा हा झिजलेला कपॅसिटर असतो.

तुम्ही काय वापरावं?

घरच्या प्रकल्पासाठी तीन सुरक्षित पर्याय आहेत.

१. जुना, पण चांगल्या कंपनीचा मोबाइल चार्जर. प्रत्येक घरात एखादा पडून असतोच. ५ व्होल्ट, आयसोलेशन आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण सगळं तयार. त्यावर बीआयएस नोंदणीचा आर-ने सुरू होणारा क्रमांक आहे का, तेवढं बघा.

२. तयार एसी-डीसी मॉड्यूल. हाय-लिंकचा एचएलके-पीएम ०१ हा काड्यापेटीहून लहान डबा ५ व्होल्टवर ६०० मिलीॲम्पिअर देतो, तोही आयसोलेशनसह. ३.३ व्होल्ट हवे असतील तर त्याचाच भाऊ पीएम ०३. जागा कमी असेल तिथे हाच मार्ग. मात्र त्याच्या आधी फ्यूज आणि एमओव्ही लावायला विसरू नका, आणि बोर्डावर मेन्सच्या बाजूपासून ५ व्होल्टची बाजू पुरेशी लांब ठेवा.

३. ६ किंवा ९ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर. जड, जुनाट, पण समजायला सोपा. शिकणाऱ्यांसाठी आजही उत्तम.

चार्जरबद्दल एक शंका नेहमी येते. दोन पिनी ॲडॅप्टरवरच्या लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, मग तोही धोकादायक का? ॲडॅप्टरमध्ये दोन बाजूंना जोडणारा एक अगदी छोटा, वाय दर्जाचा कपॅसिटर असतो. त्यातून येणारा करंट मुद्दाम मिलीॲम्पिअरच्या अंशापुरता ठेवलेला असतो. झिणझिण्या जाणवतात, इजा होत नाही. मात्र नकली ॲडॅप्टरमध्ये वाय दर्जाच्या जागी साधा कपॅसिटर असला तर ही खात्री देता येत नाही.

अशी वस्तू दुरुस्तीला उघडणार असाल तर

प्लग काढा. काही सेकंद थांबा. मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मीटर लावून व्होल्टेज खरंच उतरलं आहे का ते बघा, कारण तो निचरा करणारा रेझिस्टर तुटलेलाही असू शकतो. चालू सर्किटवर काम करायची वेळ आलीच तर ते अनुभवी माणसावर सोडा.

आणि कुणाला शॉक लागलेला दिसला तर आधी त्या माणसाला हात लावू नका. मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा, मग १०८ किंवा ११२ ला फोन करा.

ट्रान्सफॉर्मरशिवाय मायक्रोकंट्रोलर चालवणं अशक्य नाही, बेकायदा नाही आणि चुकीचंही नाही. ते ज्यांच्याकडे सीलबंद डबी, योग्य दर्जाचे भाग आणि तपासणीची सोय आहे त्यांचं काम आहे. टेबलावर उघडं ठेवून, वरचेवर हात लावून, लॅपटॉपला जोडून शिकायचं असेल, तर अडगळीतला जुना चार्जर बाहेर काढा. तो फुकट आहे, आणि तुमच्या आणि फेजच्या मध्ये उभा राहणारा आहे.